‘गेलो’, ‘मुलो’ आणि मराठी

प्रश्न : युरोपातील रोमा लोक मूळचे भारतीय असल्याचे वाचले. त्यांच्या भाषेत ‘तो गेला’ याला ‘गेलो’ आणि ‘मेलेला’ याला ‘मुलो’ म्हणतात. मग त्यांचे पूर्वज मराठी मुलखातले असतील का? आणि पश्चिम आशियातले डोम हे त्यांचेच भाऊबंद का?

उत्तर : शब्द बरोबर आहेत, अनुमान मात्र टिकत नाही. ‘गत’, ‘मृत’ यांतला दोन स्वरांमधला ‘त’ रोमानीत, म्हणजे रोमांच्या भाषेत, ‘ल’ झाला, आणि ‘भ्राता’चा ‘फ्राल’ झाला तोही याच नियमाने. मराठीच्या ‘गेला’, ‘मेला’ यांतला ‘ल’ प्राकृतातील ‘इल्ल’ या प्रत्ययातून आला आहे. कानाला ही जवळीक गोड वाटते (आम्हालाही वाटते), पण तिचा पुरावा होत नाही.

भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये दाखवले, की रोमानीतील सर्वांत जुने ध्वनिबदल मध्यदेशातील (गंगा-यमुनेच्या प्रदेशातील) बोलींशी, म्हणजे हिंदीच्या पूर्वजांशी, जुळतात; परंतु ‘त्रिन’ (तीन), ‘द्राख’ (द्राक्ष) यांसारख्या शब्दांत टिकलेली जोडाक्षरे वायव्येकडील बोलींतच आढळतात. तेव्हा हा समाज मध्यदेशातून आधी वायव्येला सरकला आणि तेथे बराच काळ राहिला, असे त्यांनी मांडले. पुढची वाट उसन्या शब्दांवरून लावावी लागते : फारसी, मग आर्मेनियन, मग ग्रीक. अंक मोजून पाहावेत. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव असे सहापर्यंत सारे ओळखीचे. सात, आठ, नऊ हे एफ्ता, ओख्तो, एन्या असे चक्क ग्रीक. आणि दहाला पुन्हा ‘देश’. रस्त्याला ‘द्रोम’ म्हणतात, तोही शब्द ग्रीकच. अंकांपर्यंत परकी भाषा शिरते, तेव्हा त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य झालेले असते. पंधराव्या शतकात ते पश्चिम युरोपात पोहोचले, तेव्हा लोकांनी त्यांना इजिप्तचे समजले. ‘जिप्सी’ हे नाव त्यातूनच आले.

रोम (म्हणजे रोमा), आर्मेनियातील लोम आणि पश्चिम आशियातील डोम ही तिन्ही नावे ‘डोम’ या एकाच भारतीय नावाची रूपे मानली जातात. भाषा मात्र एक नाही. बहिणीला रोमानीत ‘फेन’ तर डोमांच्या डोमारी भाषेत ‘बेन’ म्हणतात, आणि रोमानीचे अभ्यासक जॉन सॅम्पसन यांनी याच शब्दावरून या समाजांची विभागणी केली होती. अशा फरकांमुळे डोमांचे पूर्वज वेगळे निघाले असावेत, असे आज अनेक अभ्यासक मानतात. लोमांच्या बोलीत तर व्याकरण सगळे आर्मेनियन आहे आणि भारतीय उरले आहेत ते केवळ शब्द.