नवी रोड बाईक: घेताना आणि घेतल्यावर

प्रश्न: मी माजिवड्याला राहतो, वय 34, उंची 5 फूट 5 इंच. सरळ हँडलची हायब्रिड सायकल बरीच चालवली, आता रोड बाईक, म्हणजे वाकड्या हँडलची, बारीक टायरची वेगवान सायकल घ्यायचीय, बजेट ओढूनताणून 60 हजार. ओळखीतला एकजण त्याची जुनी कार्बन फ्रेमवाली, शिमानो कंपनीच्या 105 नावाच्या गियरसेटची सायकल याच पैशात देतोय, फ्रेमची साईज 56 सेंटीमीटर आहे पण तो म्हणतो सीट खाली केली की झालं. दुसरीकडे दुकानात नवीन अ‍ॅल्युमिनियमची, शिमानोच्याच क्लॅरिस गियरची मिळतेय. काय घेऊ?

उत्तर: 56 ची घेऊ नका. अर्ध्या किमतीत दिली तरी नको. सीट खाली करून पाय पोचतील हो, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहणार ना, मग तुम्ही कायम पुढे ताणलेले, खांदे वर आणि मान आखडलेली, आणि अशी सायकल हळूहळू बाल्कनीत जाऊन बसते. रोड बाईकमध्ये साईज पहिली, बाकी सगळं नंतर.

साईज घरीच काढा. अनवाणी भिंतीला पाठ लावून ताठ उभे रहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे धरून सीटवर बसल्यावर लागतो तेवढा दाब येईपर्यंत वर ढकला, आणि पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे टेकते तिथे कुणाला तरी पेन्सिलने खूण करायला सांगा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंत टेपने मोजा. समजा 76 सेंटीमीटर आलं, तर गुणिले 0.67 म्हणजे 51 च्या आसपासची फ्रेम, आणि गुणिले 0.883 म्हणजे 67 सेंटीमीटर, ही क्रँकच्या (पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. हे आकडे सुरुवातीपुरते, कारण प्रत्येक कंपनीची 51 वेगळी असते, म्हणून शेवटी बसून, रस्त्यावर चालवूनच ठरवायचं. दुकानवाला फक्त आत स्टँडवर बसवून दाखवत असेल तर दुसरं दुकान बघा.

कार्बनचं म्हणाल तर मला कार्बन आवडतं, पण पहिली रोड बाईक म्हणून सेकंडहँड कार्बन घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम ठोकरलं तर बहुतेक वेळा पोचा दिसतो, कार्बनला मात्र आतून तडा गेलेला असतो आणि वरचा रंग छान चकचकीत. आणि वजनाचं एवढं टेन्शन घेऊ नका, प्रोफेशनल शर्यतीतसुद्धा युसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमाने सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही, तुमची नवीन साधारण 10-11 किलोची असेल, त्यातला बराचसा फरक दोन भरलेल्या बाटल्या आणि टूलकिटमध्येच निघून जातो.

आता गियर. शिमानोमध्ये क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, 105 अशी चढती भाजणी आहे, क्लॅरिसला मागच्या चाकाला 8 दातेरी चकत्या, सोराला 9. वरचं घेतलं की शिफ्टिंग आणखी मऊ होतं, पण नीट ट्यून केलेलं क्लॅरिस अगदी इमानी काम करतं. त्यापेक्षा दात मोजा. पुढची लहान चकती 34 दातांची आणि मागची सगळ्यात मोठी 32 किंवा 34 ची असेल तर ठाण्यातल्या येऊरच्या चढावर उतरून ढकलायची वेळ सहसा येत नाही. 34 ला 34 म्हणजे पायडलचा एक फेरा की चाकाचा एक फेरा, म्हणजे साधारण 2.1 मीटर, मिनिटाला 80 फेरे आरामात मारलेत तरी ताशी 10 किलोमीटरने तुम्ही वर चढताय. मागे मोठी चकती फक्त 25-28 ची असेल तर दुकानदाराला आत्ताच बदलून मागा.

टायर 28 एमएमच्या खाली नको, आणि फ्रेममध्ये 32 बसतो का ते विचाराच. घोडबंदर रोडचे पॅच, फ्लायओव्हरचे एक्स्पान्शन जॉइंट, कडेचे उखडलेले पेव्हर ब्लॉक, यावर 23-25 चा टायर म्हणजे हाताला नुसता त्रास. ब्रेक डिस्कचे मिळाले तर उत्तम, आपल्याकडे चार महिने पाऊस आहे. आणि 60 च्या 60 हजार सायकलवर घालवू नका, हेल्मेट, पुढचा-मागचा लाईट, गेजवाला उभा पंप आणि जादा ट्यूब यांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. पंप हवाच, कारण या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल पंपावरचा पाईप अ‍ॅडॅप्टरशिवाय त्याला बसत नाही.

प्रश्न: ताई, मी नेरुळला राहते, नुकतीच रोड बाईक घेतली. पाम बीच रोडवर अर्धा तास झाला की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, मान पण दुखते. सगळे म्हणतात सवय होईल. खरंच होईल का?

उत्तर: थोडीफार मान सवयीने सुधारेल, पण मुंग्या सहन करत बसू नकोस गं. या दोन बोटांची नस, अल्नर म्हणतात तिला, तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते आणि हँडलवर रेललं की नेमकी तीच दबते. म्हणजे तुझं वजन सीटवर कमी आणि हातावर जास्त येतंय.

सगळ्यात आधी सीटचं नाक बघ. सीटवर एखादी सपाट वही ठेवून मोबाईलच्या लेव्हलने तपास, नाक खाली झुकलेलं असेल तर तू सतत पुढे घसरतेस आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत असतेस, सीट सपाट केली की बऱ्याच जणांचं अर्धं दुखणं तिथेच जातं. मग उंची. भिंतीला हात टेकून सीटवर बस, पायडल पार खाली आणि त्यावर टाच ठेव, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर तो हलकासा वाकलेला राहतो. त्यासाठी कंबर एका बाजूला कलली तर सीट उंच आहे.

चालवताना कोपर ताठ ठेवू नकोस, थोडं वाकव. आणि हात एकाच जागी नको. ड्रॉप हँडलला तीन जागा आहेत, वरचा आडवा दांडा, ब्रेकच्या लिव्हरवरचे रबरी हूड आणि खालची वाकडी बाजू, त्या दर काही मिनिटांनी बदलत राहायच्या, मात्र आडव्या दांड्यावर बोटं ब्रेकपासून लांब असतात म्हणून तिथे हात फक्त मोकळ्या रस्त्यावर. ब्रेकपर्यंत बोटं ताणावी लागत असतील तर लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, त्याने लिव्हर जवळ येतो, लहान हातांच्या मुलींना हे कोणी सांगतच नाही याचा मला खरंच राग येतो. एवढं करूनही लांब वाटलं तर दुकानातून एक-दोन सेंटीमीटर आखूड स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बसवून घे.

टायरची हवाही बघ. टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. 70 किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये 70-75 पीएसआय पुरतं, तुझं वजन कमी असेल तर आणखी कमी भर. सायकलवरून उतरल्यावर दिवसभर बोटं बधिर राहत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल तर मात्र चालवणं थांबव आणि डॉक्टरला दाखव.

प्रश्न: उलव्याहून अटल सेतूवर सायकल नेता येते का? एक्स्प्रेसवेवर?

उत्तर: दोन्हीकडे नाही. जानेवारी 2024 मध्ये सेतू सुरू झाला तेव्हापासून तिथे दुचाकी आणि सायकल बंद आहेत, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही तेच. जेएनपीटीकडचा रस्ताही नवख्यांनी टाळा, कंटेनर फार. उलव्यातलेच सेक्टरचे रुंद रस्ते पहाटे मोकळे असतात, शिकायला तेच चांगले.

प्रश्न: मी कामोठ्याचा, वय 47. ग्रुपबरोबर जातो, बाकीच्यांचा अ‍ॅव्हरेज वेग ताशी 28 किलोमीटर, माझा 20. दरवेळी एकटा मागे. नवीन सायकलची सगळी मजाच गेली हो.

उत्तर: दादा, 20 आणि 28 मधला फरक दिसतो तेवढा लहान नाहीये. वेग वाढला की हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणजे 20 वरून 28 ला जायला हवेसाठीच जवळजवळ पावणेतीनपट ताकद पाहिजे. शिवाय ते एकमेकांच्या मागे चिकटून चालवतात, पुढचा वारा खातो आणि मागच्याचे श्रम बरेच वाचतात, तुम्ही एकदा तुटलात की सगळा वारा एकट्याने खायचा. दुपारनंतर पाम बीचवर खाडीवरून समोरचा वारा लागतो तेव्हा तर विचारूच नका.

माझं म्हणणं, काही दिवस तो ग्रुप सोडा. तुमच्या वेगाचा एक सोबती शोधा, बोलता बोलता चालवता आलं पाहिजे एवढाच वेग ठेवा. मिनिटाला 80-90 फेरे पडतील असा हलका गियर लावा, जड गियर दाबत बसलं की गुडघे बोलायला लागतात. मोबाईलवरचा वेगाचा स्क्रीन बंद ठेवा, नुसती वेळ दिसू द्या. बेलापूरच्या किल्ला जंक्शनपासून वाशीपर्यंत जेमतेम 10 किलोमीटर, थंडीत उजाडताना निघालात तर डावीकडे खाडी आणि नशीब असेल तर फ्लेमिंगो, ते 28 च्या स्पीडने खाली मान घालून जाणाऱ्यांना कुठे दिसतात! एखाद्या रविवारी सायकल घेऊन ठाण्याला या, येऊर चढा आणि मग मामलेदारची मिसळ खा. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी पीत रहा, आपल्या दमट हवेत नुसतं पाणी पुरत नाही, एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घाला.

आणि लांब पल्ल्याची हौस असेल तर बीआरएम बघा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची राईड, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, खाणंपिणं-पंक्चर सगळं धरून, म्हणजे सरासरी 15 सुद्धा नाही पडत. पहिला कोण, शेवटचा कोण असं तिथे नसतंच. 20 ने सलग चालवणारा माणूस, थांबे आवरते ठेवले तर, त्यात आरामात बसतो. जूनपासून तयारी करा असं मी म्हणणार नाही, पाऊस संपला की ऑक्टोबरात सुरू करा.

प्रश्न: पावसात रोड बाईक चालवू की झाकून ठेवू? राहायला कळव्यात.

उत्तर: चालवा, पण पहिल्या एक-दोन सरींना नको, रस्त्यावरचं सगळं ऑइल तेव्हा वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि एक्स्पान्शन जॉइंट यांच्यावर वळू नका, ब्रेक मारू नका, सरळ पार व्हा. पाणी साचलेल्या जागेतून तर अजिबात नको, खाली गटाराची जाळी असते आणि तिच्या फटीत हे बारीक चाक बरोब्बर अडकतं.

घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि क्रँकच्या बेअरिंगवर मारू नका. चेन फडक्याने कोरडी करून पावसाळ्याचं वेट ल्यूब, म्हणजे चेनचं तेल, लावा, प्रत्येक कडीवर एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका. आणि महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये साठलेलं पाणी निघून जाईल. काढायच्या आधी उंचीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, आणि अ‍ॅल्युमिनियमची असेल तर परत बसवताना ग्रीस लावा, नाहीतर वर्षभरात ती आतच धरून बसते.