वाचक विचारतात: रंगाचे सांडपाणी आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन

प्रश्न : आमच्याकडे पैठणीचे रेशीम ॲसिड रंगांनी रंगवतात. ताशी २०० लिटर सांडपाणी चुन्याने उदासीन करून, गाळून ५० किलो दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून (रंग धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशातून) सोडतो. पण आठवड्यातच रंग बाहेर यायला लागतो. कार्बन भेसळीचा असेल का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : भेसळीचा संशय सगळ्यात शेवटी घ्या. ५० किलो कार्बनचा थर साधारण १०० लिटरचा होतो, म्हणजे पाण्याला अर्धा तास मिळतो. माप बरोबर आहे.

आधी बघा, रेशीम उकळल्याचे पाणी त्याच नालीत जाते का? कच्च्या रेशमाच्या वजनात २० ते २५ टक्के सेरिसिन, म्हणजे धाग्यावरचा डिंकासारखा चिकट पदार्थ, असते. १० किलो रेशीम साबण-सोड्यात उकळले की दोन-अडीच किलो सेरिसिन पाण्यात उतरते. ते आणि साबण मिळून कार्बनची छिद्रे अडवतात, रंगाला जागाच उरत नाही. हे पाणी वेगळ्या टाकीत घ्या. त्यात आम्ल टाकून पीएच ४ च्या आसपास आणला की बरेचसे सेरिसिन खाली बसते आणि साबणाचा तवंग वर येतो.

दुसरा घोटाळा चुन्याचा. ॲसिड रंगावर ऋण भार असतो. आम्लधर्मी पाण्यात कार्बन त्याला धरतो, पीएच चढला की पकड सैल होते. शिवाय चुन्याचे पापुद्रे दाण्यांवर बसतात ते वेगळेच. ॲसेटिक ॲसिड घालून रंगवलेल्याचे पाणी मुळातच पीएच ४-५ चे असते. ते थंड करून, गाळून तसेच कार्बनमधून जाऊ द्या, चुना त्यानंतर. अर्थात टाकी एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) हवी, साधे लोखंड टिकणार नाही.

नवा कार्बन भरण्याआधी २४ तास पाण्यात भिजवा. छिद्रांत हवा राहिली तर दाणे तरंगतात आणि पाणी एकाच बाजूने वाट काढते.

एवढे करूनही रंग आला तर कार्बनची जात तपासा. करवंटीच्या कार्बनचा आयोडीन आकडा (बारीक छिद्रांचे माप) भरघोस असतो, पण छिद्रे फार बारीक. रंगाचे मोठे रेणू त्यात शिरत नाहीत. विक्रेत्याला मेथिलीन ब्ल्यू आकडा विचारा; कार्बन या निळ्या रंगाचे मोठे रेणू किती धरतो ते त्यावरून कळते. खरा निवाडा तुमच्याच पाण्यावर होतो : चार बाटल्यांत एकेक लिटर पाणी घ्या, कार्बन दळून १, २, ३ आणि ५ ग्रॅम टाका, तासभर हलवा, फिल्टर पेपरने गाळून पांढऱ्या कागदासमोर धरा. दोन विक्रेत्यांचे नमुने असे शेजारी ठेवले की दराची घासाघीस सोपी होते.

प्रश्न : पऱ्हाटीचा कोळसा कार्बनऐवजी चालेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नुसता जाळलेला नाही. त्याला ८०० ते ९०० अंशांवर वाफ द्यावी लागते, किंवा पऱ्हाटी फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून ५०० अंशांच्या आसपास भाजावी लागते. तेव्हा छिद्रे उघडतात. चुलीच्या कोळशाने पाणी काळे होईल, रंग मात्र फारसा कमी होणार नाही. आणि वापरलेला कार्बन, कोणताही असो, शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नका. धरलेला रंग पावसात पुन्हा सुटतो. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या विल्हेवाट केंद्राकडेच द्या.