कोरोनाच्या काळात आफ्रिकेतल्या बायकांना गर्भनिरोधक साधनं मिळत होती का? की तिकडे ती कुणाला नकोच असतात?

नकोच असतात हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत, मी युगांडाबद्दल सांगते. २०२० साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कंपालात होतो.

आमच्या आवारात राखणदाराचं कुटुंब राहायचं. जुळ्यांची आई म्हणून त्याच्या बायकोला सगळे 'नालोंगो' म्हणत. तिकडे हा मान आहे. ती दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायची, ज्याला तिथे 'डेपो' म्हणतात. पुढची तारीख लिहिलेलं कार्ड ती पिठाच्या डब्याखाली ठेवायची, कारण नवऱ्याला पत्ता नव्हता. गोळ्यांचं पाकीट घरात सापडतं, सुईचं काही मागे राहत नाही, असं ती म्हणायची.

मार्चअखेर आधी बस-टॅक्सी बंद झाल्या, मग खाजगी गाड्याही. बोडा-बोडा म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली, त्यांवर माणूस बसवायला मनाई. सुरुवातीला गरोदर बाईला गाडीने दवाखान्यात न्यायचं तरी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागायची. मग नालोंगोने कुठल्या तोंडाने 'डेपो'साठी परवानगी मागायची? ती चालत गेली. जाऊन-येऊन चार तास. आरोग्य केंद्रात साठा संपलेला, हातात मूठभर कंडोम दिले. ते नवऱ्यासमोर काढणार कसे?

तारीख उलटली तशी ती रडकुंडीला आली. मी नाशिकच्या माझ्या मावसबहिणीला फोन केला, ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिने सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे हे इंजेक्शन चार आठवडे उशिरा घेतलं तरी चालतं. एवढी साधी गोष्ट केंद्रात तिला कुणी सांगितली नव्हती! तिसऱ्या आठवड्यात तिला 'सायना प्रेस' मिळालं. औषध आधीच भरलेली बोटाएवढी कुपी, आखूड सुई, मांडीच्या कातडीखाली स्वतःच टोचायची. नर्सने समोर बसवून शिकवलं आणि पुढच्या वेळची कुपी सोबत दिली. महामारीत मी पाहिलेली सगळ्यात उपयोगी वस्तू ती.

एप्रिल २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज होता की टाळेबंदी सहा महिने चालली तर ११४ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ४ कोटी ७० लाख बायकांना गर्भनिरोधक साधनं मिळेनाशी होतील. वर्षभराने त्यांनीच आकडा १ कोटी २० लाखांवर आणला, नको असलेली गर्भारपणं १४ लाख. केनिया आणि बुर्किना फासोतल्या पाहण्यांतही एकूण वापर घटलेला दिसला नाही. मला यात नालोंगोचे ते चार तास दिसतात. नको असतं तर कोण चाललं असतं?

आपल्याकडे हा त्रास वेगळ्या रूपात झाला, कारण भारतात सुमारे ३८ टक्के विवाहित बायकांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते. त्यांना दर तीन महिन्यांनी कुणाच्या दारात जावं लागत नाही. युगांडात सर्वाधिक वापर इंजेक्शनचा, म्हणजे रस्ता बंद झाला की साधनच बंद.

सगळ्यात जास्त भोगलं ते मुलींनी. तिथल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी २०२२ मध्ये. आमच्या गल्लीतली भाजीवालीची मुलगी सातवीत होती. शाळा उघडली तेव्हा ती पाठीवर बाळ बांधून आईच्या टोपलीशेजारी बसलेली असायची. तिच्या हातात ती कुपी कुणीच ठेवली नव्हती.