नववी-दहावीच्या वर्गात जात, वर्ण आणि ओळख हे विषय कसे शिकवावेत?

तुम्ही लिहिलंय की नववीला इतिहास शिकवता, वर्गात सगळ्या समाजांची मुलं आहेत आणि कुणी दुखावेल या भीतीनं हा भाग नुसता वाचून पुढे जाता. मी २२ वर्षं तालुक्याच्या गावातल्या हायस्कूलमध्ये हेच शिकवतोय. तुमची भीती रास्त आहे. पण आपण गप्प बसलो तरी मुलं हा विषय शिकतातच.

कुठे शिकतात ते सांगतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की भर वर्गात आवाज येतो, "एस.सी.वाले उभे राहा, ओबीसींनी हात वर करा." उभ्या राहिलेल्या पोरांच्या माना बघा, आणि बसलेली पोरं कशी वळून बघतात तेही बघा. धडा घेण्याआधी हे बंद करा. मी यादी जनरल रजिस्टरवरून काढतो आणि फॉर्म मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून देतो. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी राज्यघटनेचं कलम १७, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारं कलम, शिकवत होतो. मुलांना ते जिवंत वाटावं म्हणून एका मुलाला म्हणालो, "तुमच्या वस्तीवर अजून काय अनुभव येतात, सांग बरं सगळ्यांना." तो उभा राहिला, "काही नाही सर," म्हणाला आणि खाली बसला. पुढचे चार दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेलो. त्याची आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला वर्गात नुसतं पोरगं राहू द्या, सर."

तेव्हापासून ज्याच्या वाट्याला दुःख आलंय त्यालाच पुरावा म्हणून मी उभं करत नाही. बोलायचं ते कागदावरच्या माणसांबद्दल. मुलांना स्वतःबद्दल बोलावंसं वाटलं तर ती आपणहून बोलतात, बहुतेक वेळा तास संपल्यावर, व्हरांड्यात.

कागदावरचं माणूस निवडताना मी मुलांच्याच वयाचं निवडतो. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मातंग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. घरावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचं दुःख मांडते. मी हा निबंध मुलींकडून मोठ्यानं वाचून घेतो. जुनी भाषा पहिल्या दोन ओळी अडते, मग वर्ग इतका शांत होतो की शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येतात. नंतर मी एकच प्रश्न विचारतो: हिला हे लिहायला कुणी शिकवलं असेल, आणि कुणी अडवलं असेल?

वर्ण, म्हणजे कातडीचा रंग, आणि वंश यासाठी मला मलिक अंबर सापडला. जन्म इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनेत आलेला. तोच पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांशी गनिमी काव्यानं लढला, जमीन महसुलाची घडी बसवली आणि खडकी शहर वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली वारला, कबर खुलताबादला आहे. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, मग तो आपल्यातला की बाहेरचा?" मी फळ्यावर 'आपल्यातला' हा शब्द लिहिला आणि तो आपण कुणाला लावतो ते त्यांनाच सांगायला लावलं. भाषा आली, गाव आलं, रंग आला. त्याच तासाला मागच्या बाकावरच्या मुलाला सगळे 'काळ्या' म्हणतात ही गोष्ट दुसऱ्याच एका पोरानं काढली. मी काही न विचारता.

जात आणि वंश या एकच गोष्टी नाहीत हे मुलांना स्वच्छ सांगा. पण दोन्हीकडे लढणारी माणसं एकमेकांकडे बघत होती हेही सांगा. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून.

१९६८ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन इलियट या शिक्षिकेनं डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन गट पाडले आणि एका गटाला कमी लेखून दाखवलं. तो प्रयोग फार प्रसिद्ध आहे आणि प्रशिक्षणात कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. आपल्याकडे करू नका. आपल्या वर्गात गट आधीच पडलेले आहेत. ज्याला रोज कमी लेखलं जातं त्याला खेळातही तेच भोगायला लावायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

पालकांचं विचाराल, तर एकदा एक गृहस्थ चिडून आले, "पोरांच्या डोक्यात जात कशाला घालता?" मी त्यांच्यासमोर रजिस्टर उघडलं. जातीचा रकाना त्यांनीच पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी भरून दिला होता. हा रकाना कुठून आला तेवढंच मी शिकवतो, असं म्हणालो. ते बसले, चहा घेतला, पूर्ण पटलं नसावं. पण मुलाला तासाला पाठवत राहिले.

आता वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतली मुलं. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत तर ती कान मिटून घेतात. "यात माझा काय दोष?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि तो खरा असतो. तिथे महाडचा सत्याग्रह सांगा, पण पूर्ण सांगा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता, तरी अस्पृश्य ठरवलेल्यांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या लढ्यात बाबासाहेबांच्या बाजूनं उभे राहिलेले महाडचे सुरबानाना टिपणीस कायस्थ होते, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे ब्राह्मण. मुलांना ही नावं माहीत नसतात. कळली की त्या पोरांना उभं राहायला एक जागा मिळते.

आरक्षणाचा प्रश्न पहिल्याच तासाला येईल. घाईनं उत्तर देऊ नका. "महाडपर्यंत जाऊ, मग बोलू," असं सांगा आणि दिलेला शब्द पाळा. तळ्यापर्यंत पोचल्यावर तीच मुलं तोच प्रश्न विचारतात, पण आवाज वेगळा असतो.