३६० टालर नव्हे, टालरचे ३६०

प्रश्न : मुलगी ड्रेस्डेनला शिकते. तिथल्या जुन्या बाजारातून तिने तांब्याची दोन नाणी आणली. एक प्रशियाचं, त्यावर ‘३६० आयनेन टालर’, १८६८ आणि खाली ‘बी’. दुसरं सॅक्सनीचं, त्यावरही ‘बी’. ३६० टालर म्हणजे मोठी रक्कम ना? आणि नाणी चिंचेने घासू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगतो. चिंच लांब ठेवा! माझ्या पहिल्या सॅक्सन फेनिगला, म्हणजे तांब्याच्या छोट्या नाण्याला, मी देवघरातल्या ताम्हनासारखी चिंच चोळली होती. नाणं गुलाबी पडलं. सव्वाशे वर्षांत चढलेला तपकिरी थर गेला तो गेलाच, आणि ढालीच्या बारीक रेघांवर ओरखडे राहिले. आजही ते हातात घेतलं की वाईट वाटतं.

आता ३६०. प्रशिया आणि सॅक्सनी ही तेव्हाची वेगवेगळी जर्मन राज्यं, आणि टालर हे तिथलं मोठं चांदीचं नाणं. अशी ३६० नाणी मोजून दिली की एक टालर, असं ते वाचायचं. म्हणजे तुमच्याकडे आहे तो एक फेनिग, अगदी तळाची मोड. प्रशियात १८२१ पासून १२ फेनिगांचा एक झिल्बरग्रोशन आणि ३० झिल्बरग्रोशनचा टालर. आपल्याकडे १२ पैंचा आणा होता, तसाच हिशेब. शेजारच्या सॅक्सनीने मात्र १८४१ पासून ग्रोशनचे दहाच फेनिग केले, म्हणून तिथे टालरला ३००. दक्षिणेत बव्हेरिया, व्युर्टेम्बर्गमध्ये तर गुल्डन आणि त्याचे ६० क्रॉयट्सर. वेस ओलांडली की बाजारहाटाचं गणितच बदलायचं. १८७० च्या दशकात मार्क आला आणि हे सगळं संपलं.

‘बी’ मात्र भिंगाखाली नीट बघा. प्रशियाच्या नाण्यावर तो हॅनोवरच्या टांकसाळीचा. १८६६ च्या युद्धानंतर प्रशियाने हॅनोवरचं राज्य गिळलं आणि दोनच वर्षांनी त्या राजाच्या टांकसाळीतून आपली चिल्लर पाडली, ती ही. युद्धाचा एवढा स्पष्ट पुरावा मोठ्या चांदीच्या नाण्यातही मला इतका भिडत नाही. सॅक्सनीवरचा ‘बी’ हे गावच नव्हे. ते ड्रेस्डेनच्या टांकसाळीचे प्रमुख गुस्टाव युलिउस बुशिक यांचं आद्याक्षर.

विकायला गेलात तर फार काही हाती येणार नाही. कागदी पाकिटात कोरडी ठेवा, मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि मुलीला सांगा, ‘सी’ असलेला प्रशियाचा फेनिग दिसला तर सोडू नकोस. तो फ्रांकफुर्टचा, म्हणजे त्याच १८६६ मध्ये प्रशियाने घेतलेल्या शहराचा.