वाचकांचे प्रश्न: स्मोलांडचा जॉन्सन नक्की कुठल्या गावचा?

प्रश्न: नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय ६७. लेक मिनेसोटात असते, जावई तिथलाच पण मूळचे ते लोक स्वीडनचे, शेतकरी. नातीला शाळेत वंशवेल करायला सांगितलीय. आमच्या बाजूची सगळी नावं मी फोनवर धडाधड सांगितली, खापरपणजोबांपर्यंत, तर ती म्हणाली आजी तुझ्याकडे एवढी नावं आहेत मग बाबाकडे का नाहीत? जावयाकडे एक जुनं बायबल आहे त्यात खापरपणजोबांचं एवढंच लिहिलंय, जन्म १४ मार्च १८४८, स्मोलांड, अमेरिकेत आले १८६९. आडनाव जॉन्सन. इंटरनेटवर जॉन्सन टाकलं की हजारोंनी येतात. कुठून सुरुवात करायची?

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, जॉन्सन टाकून शोधणं आजपासून बंद करा. ते आडनाव बहुतेक अमेरिकेत गेल्यावरचं आहे आणि त्याच्या मागे लागलात तर वर्ष जाईल, हाताला काही लागणार नाही.

स्वीडनमधे शेतकरी माणसाला आपल्या अर्थाचं आडनावच नव्हतं. बापाचं नाव घ्यायचं आणि पुढे मुलगा असेल तर सॉन, मुलगी असेल तर डॉटर. म्हणजे आपण मधे वडलांचं नाव लावतो ना, तसं, फक्त ते शेवटी. बाप आंदर्स तर मुलगा आंदर्सॉन, आणि त्या मुलाचं नाव पेर असेल तर नातू पेर्सॉन. पिढी बदलली की आडनाव बदललं. एकच आडनाव पिढ्यानपिढ्या चालवायचं हा कायदा १९०१ सालचा, आणि तुमचे खापरपणजोबा त्याच्या ३२ वर्षं आधीच निघून गेलेले. शिवाय योनसॉन, योहानसॉन, योहानेसॉन, योन्सॉन असे चार वेगळ्या बापांचे चार वेगळे मुलगे अमेरिकेत उतरले की सगळेच जॉन्सन होऊन जायचे, तिथल्या कारकुनाला ऐकू आलं तसं, नाहीतर स्वतःच सोपं करून घेतलं म्हणून. त्यामुळे आडनाव सोडा आणि दोन गोष्टी घट्ट धरा, जन्मतारीख आणि गाव. आपल्याकडे नाही का, एस्टीत शेजारी कोणी बसला की आधी विचारतात कुठचे तुम्ही, आडनाव नंतर. तसंच.

तारीख तुमच्याकडे आहे, पूर्ण आहे, ही फार मोठी गोष्ट. गाव नाही. स्मोलांड म्हणजे गाव नव्हे, तो अख्खा प्रांत आहे, कोणी नुसतं मूळचे कोकणातले म्हणावं तसं. त्यात आज योनशोपिंग, क्रोनोबेरी आणि काल्मार असे मुख्य तीन जिल्हे येतात. तुम्हाला हवंय ते सॉकेन, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी वस्ती, त्यात बऱ्याच वाड्या आणि सुटी घरं. सगळी दप्तरं सॉकेनवार आहेत. ते नाव कळलं की पुढचं दार आपोआप उघडतं आणि नाही कळलं तर काहीच होत नाही.

आणि ते नाव स्वीडनमधे नाही, अमेरिकेत शोधायचं. हे लोक तिथे गेले की आधी आपलं चर्च उभारायचे. स्वीडिश ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या ख्रिस्ती पंथाच्या, लोकांनी १८६० साली ऑगस्टाना सिनोड नावाची संघटना केली, तिच्या चर्चच्या सभासद वहीत माणूस स्वीडनच्या कुठल्या सॉकेनहून आला ते पुष्कळदा लिहिलेलं असतं, कारण येताना माणूस गावच्या पाद्रीचा दाखला घेऊन यायचा. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नवीन शाळेत देतात तसं समजा. इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला ऑगस्टाना कॉलेजात स्वेन्सन सेंटर आहे, तिथे अशा वह्यांच्या फिल्म ठेवल्यात. जावयांना सांगा आधी खापरपणजोबांना कुठे पुरलं ते बघा, त्या गावात स्वीडिश चर्च कुठलं होतं ते विचारा. तेवढ्यात मृत्यूची बातमी स्वीडिश भाषेतल्या पेपरात आली होती का तेही बघा, मिनेसोटात असे पेपर खूप निघायचे आणि आता त्यातले बरेच ऑनलाइन वाचायला मिळतात. मृत्यूलेखात जन्मगाव लिहायची पद्धत होती.

आता ते स्वीडनमधे काय सापडणार ते सांगतो, कारण माझा जीव खरा तिथे आहे. १६८६ च्या चर्च कायद्याने पाद्रींना जन्म, लग्न, मृत्यू सगळं लिहून ठेवायचं बंधन आलं. पण त्याहून भारी एक वही असते, घरोघरच्या परीक्षेची. पाद्री वर्षातून एकदा वाडीवाडीतल्या लोकांना गोळा करून ल्यूथरची प्रश्नोत्तरी विचारायचा, कोणाला वाचता येतं, कोणाला पाठ आहे, खुणा करून मार्क द्यायचा. त्यासाठी प्रत्येक घराला वहीत जागा, त्यात घरधनी, बायको, मुलं, म्हातारे, आणि गडी आणि मोलकरीण सुद्धा, सगळ्यांच्या जन्मतारखा, जन्मगाव, देवीची लस टोचली का, कुठून आला, कुठे गेला. एक वही साधारण पाच ते दहा वर्षं चालायची, मग नवीन. म्हणजे १८४८ साली जन्मलेलं पोर तुम्ही वहीमागून वही बघत मोठं होताना बघू शकता. एका वहीत आईच्या खाली, पुढच्या वहीत दुसऱ्याच्या घरी गडी म्हणून, त्याच्या पुढच्या वहीत नाव आडवी रेघ मारून खोडलेलं आणि बाजूला उत्तर अमेरिका. मला अशी पहिली नोंद बघायला मिळाली तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलंच नव्हतं.

१८६९ हे सालही साधं नाही. १८६७ ला थंडीने आणि १८६८ ला दुष्काळाने पिकं गेली, लोकांनी झाडाची साल पिठात मिसळून भाकरी केल्या. त्याच्या आधी शंभर वर्षं लोकसंख्या वाढत गेलेली, जमिनीचे हिस्से होऊन होऊन एकेकाच्या वाट्याला काही उरलेलं नाही, आणि स्मोलांडची जमीन म्हणजे नुसता दगड. शेतातून दगड काढायचे आणि कडेला रचायचे, अगदी आपले गडगे, अजूनही तसेच उभे आहेत मैलोनमैल. तिकडे अमेरिकेने १८६२ च्या कायद्याने पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर द्यायला सुरुवात केली. पोटाला नाही आणि पलीकडे जमीन आहे, मग तरणीताठी पोरं थांबणार कशी. आपल्याकडची मुंबईला गेली, तिकडची मिनेसोटाला. १८५० ते १९३० मधे साधारण १२ ते १३ लाख माणसं तो देश सोडून गेली.

जायची वाट पण ठरलेली होती, बहुतेक जण गोथेनबर्ग बंदरातून बोटीने इंग्लंडात हल, तिथून रेल्वेने लिव्हरपूल, तिथून मोठी बोट. आणि ताई योगायोग बघा, गोथेनबर्गच्या पोलिसांच्या प्रवासी याद्या १८६९ पासूनच्याच आहेत. त्यात नाव, वय, गाव असतं, तेव्हा तीही बघाच. अमेरिकेच्या बाजूला त्या वर्षी माणूस न्यूयॉर्कला उतरला असेल तर कॅसल गार्डनला, म्हणजे बाहेरून आलेल्यांची नोंद करायच्या तिथल्या केंद्रावर, एलिस आयलंडच्या केंद्रावर नव्हे, ते १८९२ ला सुरू झालं.

सगळी चर्चदप्तरं स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर २०१८ पासून फुकट बघता येतात. पैसे भरायची गरज नाही.

प्रश्न: मी मागच्या वेळची तीच. तुम्ही सांगितलं तसं केलं आणि गाव सापडलं हो! चर्चच्या वहीत लिहिलेलं होतं. जावयाने ते पान काढलं, बापाचं नाव योहानेस. पण आईचं आडनाव आंदर्सडॉटर, नवऱ्याचं नाही, म्हणजे त्यांचं लग्न झालेलं नव्हतं का? हे नातीला कसं सांगायचं? आणि मोठ्या भावाचं आडनाव रास्क असं काहीतरी लिहिलंय, तो कोण मग? एकाच नावाची दोन मुलं पण आहेत.

उत्तर: ताई, पत्र वाचून मला किती आनंद झाला काय सांगू. योहानेसचा मुलगा म्हणजे योहानेसॉन, आणि त्याचाच जॉन्सन झाला, बघा कसं जुळलं.

आईचं काळजीचं काही नाही. लग्नानंतर नाव बदलायची तिकडे शेतकऱ्यांत पद्धतच नव्हती, ती आंदर्सची मुलगी, मरेपर्यंत आंदर्सडॉटर. उलट हे आपल्या फायद्याचं आहे. आपल्याकडे कुलवृत्तांत उघडा, सून म्हणून आलेल्या बाईचं माहेर कितीदा रिकामं असतं, मी स्वतः आमच्या घरातल्या तीन आज्यांची माहेरची नावं शोधतोय आणि अजून एक मिळालेलं नाही. तुमच्या नातीला मात्र त्या बाईच्या बापाचं नाव आयतं मिळालं, जन्मगावही त्याच ओळीत असेल, म्हणजे एका पानातून वंशवेल दोन फांद्यांनी वर चढली. नातीला हे जरूर सांगा.

रास्क म्हणजे चपळ. हा भाऊ सैनिक झाला असणार. तिकडे काही शेतं मिळून एक सैनिक पोसायची, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायची, ही पद्धत १६८० च्या दशकापासून १९०१ पर्यंत चालली. पलटणीत दहा आंदर्स आंदर्सॉन असले तर हाक कोणाला मारायची, म्हणून प्रत्येकाला छोटं नाव द्यायचे, रास्क, मोडिग म्हणजे शूर, असली. त्याची मुलं पुढे रास्क पण लावू शकतात आणि बापाच्या नावावरूनही, तेव्हा दोन्हीकडे बघा. सैन्याच्या हजेरीपटात तो नक्की असेल, तिथे उंची सुद्धा लिहिलेली सापडते.

एका नावाची दोन मुलं, हे जरा मन घट्ट करून बघायला लागतं. आधीचं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. म्हणून नुसतं नाव जुळलं म्हणून थांबू नका, तारीख १४ मार्च १८४८ जुळते का तेच बघा आणि आधी गेलेल्या मुलाची मृत्यूची नोंद शोधून काढा. तेही त्याच घरातलं, वंशवेलीत त्याचं नाव लिहा असं मला वाटतं.

आणि त्या घरातल्या माणसाच्या नावासमोर पानाचा आकडा लिहिलेला असेल तर तो सोडू नका. माणूस त्याच सॉकेनमधे दुसऱ्या घरी गेला की पाद्री नवीन पानाचा आकडा टाकायचा, बाहेर गेला तर त्या सॉकेनचं नाव आणि साल. आकड्यावरून आकड्यावर जायचं. मग १८६९ च्या बाहेर गेलेल्यांच्या यादीत त्याच्या दाखल्याची तारीख बघा. तिथे नाव नसेल तर घाबरू नका, काही पोरं लष्करी भरती चुकवायला दाखल्याशिवायच निघायची, अशांची नावं कधी कधी वहीच्या शेवटी ठावठिकाणा नाही म्हणून वेगळी लिहिलेली असतात.

प्रश्न: परत मीच, शेवटचं. नात म्हणते उन्हाळ्यात ते घर बघायला जाऊया. घर असेल का हो अजून?

उत्तर: घराचं सांगता येत नाही पण जागा सापडेल. वहीत वाडीचं नाव आहे, ती नावं तिकडे फारशी बदलत नाहीत, आजच्या नकाशावर टाकून बघा. फक्त एक करा, १८२७ पासून तिकडे जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा वाडीतली लाकडी घरं मोडून आपापल्या नवीन जमिनीवर नेऊन परत उभी केली, त्यामुळे जन्माच्या वेळचं घर आणि नंतरचं घर वेगळ्या ठिकाणी असू शकतं. त्या वेळचे मोजणीचे नकाशे तिथल्या भूमापन खात्याच्या साइटवर फुकट आहेत, कोणाचा कुठला तुकडा ते सुद्धा पुष्कळदा लिहिलेलं असतं. नकाशा मिळाला की मला पाठवा, जुनं अक्षर लागत नसेल तर दोघं मिळून लावू. आणि नात गेली की शेताच्या कडेच्या गडग्याचा एक फोटो तेवढा काढायला सांगा.