नवी एक्सपल्स बाइक घेतलीस ना? आधी सड्यावर चल

सीट साधारण 825 मिमी उंच आहे म्हणून घाबरू नकोस. थांबताना एका पायाचा चवडा टेकला तरी पुरे.

एवढ्यात घाट नको. गावाबाहेरच्या मोकळ्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, जा आणि पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, चालण्याच्या वेगात इंग्रजी आठ काढत राहा. कंटाळवाणं आहे, पण गाडी इथेच हातात येते. मग फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा राहा: गुडघ्यांनी टाकी धर, हात सैल, नजर लांब. हँडल आवळून धरलंस की पुढचं 21 इंची चाक खडीतून आपली वाट काढू शकत नाही, आणि तू पडतोस.

जांभ्याची सुटी खडी गोट्यांसारखी घरंगळते. तिथे पुढचा ब्रेक एका बोटाने, हळूच. पावसात शेवाळलेल्या कातळावर वळताना तर ब्रेक नकोच, वेग आधीच उतरव. टायरची हवा दोन-तीन पीएसआय कमी चालेल. जास्त काढलीस तर ट्यूब चिमटते.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, गाडी घालायची नाही, व्हिडिओसाठीसुद्धा. वेळास, आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात, आणि खारं पाणी चेन खातं ते वेगळंच.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवताना रॅम्प ओला असला तर पहिला गिअर, हँडल सरळ, आणि मध्ये थांबू नकोस.